हिमप्रवाहांचा ‘तळ’ : एका संज्ञेची चिकित्सा

विहिरीला तळ असतो, तळ्यालाही तळ असतो. वरचे पाणी हालते, तळ मात्र स्थिर राहतो. ‘तळ’ या शब्दाला चिकटलेला हा स्थैर्याचा भाव हिमनदीशास्त्राच्या एका मान्यवर उपपत्तीतही गृहीत धरलेला आढळतो.

१९५७ साली जे. वीर्टमन यांनी हिमनद्यांच्या घसरण्याची उपपत्ती मांडली. तीत तळाचा खडक कठीण मानून त्यावर ठोकळ्यांसारखे उंचवटे कल्पिले आहेत. लहान उंचवट्याच्या अलीकडील बाजूस दाबामुळे बर्फ वितळतो व ते पाणी पलीकडे जाऊन पुन्हा गोठते; मोठ्या उंचवट्याभोवती बर्फ स्वतःच आकार पालटून पुढे सरकतो. मध्यम आकाराचे उंचवटे या दोन्ही क्रियांना दाद देत नाहीत, म्हणून गतीवर त्यांचेच नियंत्रण राहते. ही मांडणी तर्कशुद्ध आहे. तथापि तळ अचल असतो, हे तिचे गृहीतकृत्य होय, सिद्धान्त नव्हे. हा भेद पुढे अनेकदा विसरला गेला.

पश्चिम अंटार्क्टिकातील व्हिलन्स हिमप्रवाहाने या गृहीतकृत्याची कसोटी पाहिली. पृष्ठभागाचा उतार अत्यंत अल्प असूनही हा प्रवाह वर्षाला शेकडो मीटर सरकतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या भूकंपलहरींच्या अभ्यासातून त्याच्या खाली पाण्याने भिजलेल्या, कित्येक मीटर जाडीच्या गाळाचा थर असल्याचे दिसून आले. १९९८ मधील दोन अभ्यासांनी तर त्या प्रदेशातील वेगवान प्रवाहाचा संबंध बर्फाखालील गाळाच्या खोऱ्याशी जोडला. येथे तळ स्वतःच हलू शकतो, असे म्हणावे लागते.

परंतु या शोधामुळे मऊ गाळ म्हणजेच वेग, असे नवे समीकरण मांडणेही तितकेच एकांगी ठरेल. शेजारचा काम्ब हिमप्रवाह सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जवळजवळ थांबला. मऊ गाळ त्याच्याही खाली आहे. गाळातील पाण्याचा दाब घटला की त्याचे कण एकमेकांस घट्ट धरतात आणि तोच गाळ अडसर बनतो. खडकाची घडण गतीची शक्यता निर्माण करते. ती शक्यता प्रत्यक्षात येणे पाण्यावर अवलंबून असते.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. कठीण तळाच्या उपपत्तीत वेग वाढला की घर्षणही वाढते. उलट, गाळाचा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाही, असे बार्क्ले काम्ब यांनी १९९१ साली दाखविले. पश्चिम अंटार्क्टिकातील हिमस्तराचा बराचसा भाग समुद्रसपाटीखालील भूमीवर टेकलेला आहे. तो किती वेगाने समुद्राकडे सरकेल आणि सागराची पातळी किती चढेल, यांची गणिते या दोहोंपैकी कोणता नियम स्वीकारला यावर पालटतात. म्हणून ‘तळ’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ‘कठीण तळ’ की ‘मऊ तळ’, आणि कोरडा की जलपूर्ण, हे सांगितल्यावाचून ती वापरणे शास्त्रीय लेखनात सदोषच मानले पाहिजे.