‘शेजारी’ आणि ‘बेकी’ : एका रेडिओ केंद्राच्या इतिहासाबद्दल

आज आपण एका रेडिओ केंद्राच्या इतिहासाकडे पाहणार आहोत. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सांता रोझा नावाचं शहर आहे. हिचकॉकला ‘शॅडो ऑफ अ डाउट’ या १९४३ च्या चित्रपटासाठी नमुनेदार अमेरिकन गाव हवं होतं, तेव्हा त्यानं हेच निवडलं. इथेच १९८२ साली ९१.९ मेगाहर्ट्झवर एक ख्रिस्ती संगीत केंद्र सुरू झालं. काही वर्षांनी त्याचं नाव ‘के-लव्ह’ पडलं. आज ते अमेरिकेत शेकडो ठिकाणी ऐकू येतं.

आपल्याकडे धार्मिक संस्थांना खासगी एफएमचा परवाना मिळत नाही, म्हणून तिथली व्यवस्था थोडी समजून घेऊ. अमेरिकेत ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगर-व्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे. तिथे जाहिराती नाहीत, देणग्यांवर भागवायचं. याच पट्ट्यात उपग्रहावरून आलेला कार्यक्रम लहान लहान प्रक्षेपकांवरून दूरच्या गावांत वाजवायची मुभा आहे. के-लव्ह वाढलं ते मुख्यतः या सोयीवर. आणि किती वाढलं? २०१९ मध्ये त्याच्या मालक संस्थेनं न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीएलजेसह सहा केंद्रं १० कोटी ३५ लाख डॉलरना विकत घेतली.

आता यात वाईट काय, असं कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आडगावात रात्री एकट्यानं ट्रक चालवणाऱ्याला जाहिरातींविना धीर देणारी गाणी मिळतात, ही लहान गोष्ट नाही. लोक आपणहून पैसे देतात, तेही उगाच नाही. त्या श्रद्धेची टिंगल आम्हाला करायची नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो ख्रिस्ती विचाराच्या आतूनच मांडता येतो.

या व्यवसायात ‘बेकी’ नावाची एक बाई प्रसिद्ध आहे. ती खरी नाही. उपनगरात राहणारी, मुलंबाळं असलेली, गाडी चालवताना रेडिओ ऐकणारी अशी ही कल्पित श्रोती. बेकीला काय रुचेल, हे पाहून ख्रिस्ती संगीत केंद्रं गाणी निवडतात, असं त्या क्षेत्रातली माणसंच सांगत आली आहेत. के-लव्हचं ब्रीद ‘सकारात्मक, उत्साहवर्धक’ असं आहे. पण बायबलमधली स्तोत्रसंहिता काढून बघा. त्यात कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत. देवाशी भांडण आहे, तक्रार आहे. दिवसभर ‘सकारात्मक’ राहायचं ठरवलं, तर या विलापाला जागा कुठे उरणार?

आता लूकच्या शुभवर्तमानातला दाखला आठवा. माझा शेजारी कोण, असं एक शास्त्री येशूला विचारतो. उत्तरात येशू व्याख्या देत नाही, तर रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. शेजारी आधी ठरवता येत नाही. तो वाटेत भेटतो. बेकीचं नेमकं उलट आहे. ती आधी ठरते आणि कधीच भेटत नाही.

हे नुसतं शब्दांचं तत्त्वज्ञान नाही. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री टब्ज नावाचा वणवा सांता रोझात शिरला. कॉफी पार्क ही जवळजवळ अख्खी वस्ती जळाली, एकूण २२ माणसं गेली. त्या दिवसांत गावातलंच केएसआरओ केंद्र लोकांना कुठे आग आहे, कुठे निवारा आहे, हे सांगत राहिलं. के-लव्हचं मुख्यालय तोवर गाव सोडून गेलं होतं. आम्ही इथे कोणाच्या सहानुभूतीवर शंका घेत नाही. प्रश्न रचनेचा आहे. देशभर एकच कार्यक्रम वाजवायचा म्हटलं, की एका गावासाठी गाणी थांबवणं सोपं राहत नाही.

आणि त्याच महिन्यात, २४ ऑक्टोबरला, अमेरिकेच्या संचार आयोगानं केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच्या परिसरातच हवा, हा जुना नियम रद्द केला. उपग्रहावर चालणाऱ्या बिगर-व्यापारी केंद्रांना त्यातून सवलत आधीपासूनच मिळत होती. आता ती सगळ्यांनाच मिळाली.

म्हणून अशा केंद्राचा इतिहास लिहिणाऱ्यानं किती ठिकाणी ऐकू येतं, एवढंच मोजून थांबू नये. त्या केंद्राला कोण ऐकू येतं, हेही विचारावं. सांता रोझातून निघालेला आवाज देशभर पोचला. पण त्या आवाजाला सांता रोझा ऐकू येतं का? प्रश्नोत्तरांत यावर बोलू.