हास्य, भय आणि मालेगाव : एका माहितीपटाचे समीक्षेतील रूप

दहशतीच्या विषयाला विनोदाचा स्पर्श झाला की समीक्षा सावध होते. हा सावधपणा अकारण नाही. रसांच्या परस्परविरोधाचा विचार करणाऱ्या संस्कृत काव्यशास्त्रानेही हास्याला करुण व भयानक या रसांचे विरोधी मानले आहे. माहितीपटाच्या बाबतीत तर ही अडचण दुणावते. कथापटातील जखम रंगवलेली असते. माहितीपटात दिसणारी माणसे खरी असतात आणि त्यांनी सोसलेलेही खरे असते. शिवाय १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या उपदेशपर पटांपासून आनंद पटवर्धन यांच्या 'राम के नाम'सारख्या झुंजार कृतींपर्यंत भारतीय माहितीपटाने गांभीर्य हेच आपले शील मानले. अशा परंपरेत एखादा माहितीपट स्फोटांनी हादरलेल्या गावात जातो आणि प्रेक्षकाला पोट धरून हसवतो, तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लावणे हे समीक्षेसमोरचे खरे आव्हान ठरते. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटाला मिळालेला प्रतिसाद या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत मॉर्गन स्परलॉक यांचा 'व्हेअर इन द वर्ल्ड इज ओसामा बिन लादेन?' हा विनोदी माहितीपट प्रदर्शित झाला. पत्नी गरोदर आहे, होणाऱ्या अपत्यासाठी जग सुरक्षित असावे, म्हणून नायक-दिग्दर्शक स्वतःच लादेनच्या शोधास निघतो, अशी त्याची मांडणी. व्हिडिओ गेमच्या धर्तीची दृश्ये, इजिप्त, मोरोक्को, सौदी अरेबिया, अफगाणिस्तान असा प्रवास, आणि अखेर सामान्य माणूस सर्वत्र सारखाच असतो हा निष्कर्ष. समीक्षकांपैकी अनेकांनी या पटाला उथळ ठरविले. विषय भीषण असल्यामुळे विनोद गैर ठरतो, एवढाच त्यांचा आक्षेप नव्हता. जो निष्कर्ष घर न सोडताही काढता आला असता, त्यासाठी एवढी यातायात आणि एवढी थट्टा कशाला, हा आक्षेप अधिक मर्मग्राही होता. येथे हसणारा बाहेरून आला होता. ज्यांच्या अंगणात दहशत नांदत होती ती माणसे त्याच्या विनोदाची पार्श्वभूमी झाली होती.

मालेगावच्या माहितीपटात ही दिशा उलटी आहे. नाशिक जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे गाव. मोसम नदीच्या एका तीरावर प्रामुख्याने मुस्लिम विणकरांची वस्ती, दुसऱ्या तीरावर प्रामुख्याने हिंदूंची. शुक्रवार हा मागाच्या सुट्टीचा आणि म्हणून सिनेमाचा दिवस. या गावातील शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढून स्थानिक विडंबनपटांची चाल पाडली. तेच आता 'मालेगाव का सुपरमॅन' काढीत आहेत, आणि त्या खटाटोपाचे चित्रण हा माहितीपटाचा विषय आहे. शफीक शेख हा किरकोळ अंगाचा यंत्रमाग कामगार येथे सुपरमॅन होतो. त्याच्या चड्डीची नाडी लोंबत असते. क्रेनच्या जागी बैलगाडी येते, कॅमेरा फिरवायला सायकल येते, ट्रकच्या अंगावर हिरवे कापड ताणून आकाशात उडण्याची सोय केली जाते. कॅमेरा पाण्यात पडतो आणि काम थांबते. नायकाचे लग्न ठरते आणि काम पुन्हा थांबते.

हा माहितीपट अनेक महोत्सवांत गाजला आणि २०१२ च्या जूनमध्ये भारतातील निवडक चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. मात्र या स्वागताचा साचा पाहण्याजोगा आहे. धार्मिक तणावाने ग्रासलेले, दारिद्र्याने गांजलेले गाव. आणि त्या वास्तवापासून पळ काढण्यासाठी सिनेमाच्या स्वप्नात शिरणारी भोळी माणसे, असा हा साचा. माहितीपटाच्या परिचयपर मजकुरातच तो होता, आणि परीक्षणांनी तो सहज उचलला. या मांडणीत मालेगावचा विनोद म्हणजे दुखण्यावरील गुंगीचे औषध ठरतो. प्रशंसेच्या पोटी दडलेली ही कीव हा या समीक्षेचा मूलभूत दोष होय.

त्याच्या मुळाशी गावाच्या नावाला चिकटलेला शिक्का आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकातील स्फोटाने आणखी सहा बळी घेतले. तेव्हापासून वृत्तपत्रीय मराठीत 'मालेगाव' हा शब्द एकटा क्वचितच येतो. परंतु स्फोटाचा शिक्का सर्वच ठिकाणांवर सारखा बसत नाही. बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात, ब्रुकफील्ड येथील रामेश्वरम कॅफेत १ मार्च २०२४ रोजी स्फोट झाला आणि अनेक जण जखमी झाले. सुमारे आठवड्याभरात ते उपाहारगृह पुन्हा उघडले. व्हाइटफील्डची ओळख मात्र बदलली नाही. ते संगणक उद्योगाचे उपनगर होते आणि तसेच राहिले. दोन्ही ठिकाणच्या हानीची तुलना होऊ शकत नाही, हे खरेच. तरीही प्राणहानीतील फरकाने या भेदाचा सर्व उलगडा होत नाही. समृद्ध उपनगराच्या चरित्रात स्फोट ही एक घटना असते. गरीब विणकरांच्या गावाच्या बाबतीत तेच त्याचे चरित्र ठरते. व्हाइटफील्डमध्ये कोणी हास्यपट काढला तर त्याला कोणी पलायन म्हणणार नाही.

म्हणूनच मालेगावचा विनोद नेमका कशावर आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. नासिर यांच्या सुपरमॅनचा शत्रू परग्रहावरून आलेला नाही. घाण आणि तंबाखू यांच्याशी त्याचा सामना आहे. धुराने आणि धुळीने कोंदलेल्या हवेतून उडणाऱ्या माणसाला दमा होणारच, हे नासिर यांचे तर्कशास्त्र आहे. गटार, धूर, खोकला ही त्या गावाची रोजची दहशत होय. तिची बातमी होत नाही. पलायन करणारा माणूस आपल्या गावातील गटार स्वप्नात नेत नाही. अमेरिकेच्या महापुरुषाला मालेगावच्या हवेत श्वास घ्यायला लावणे हे वास्तवाचे विस्मरण म्हणता येणार नाही. ते वास्तवाचे विडंबनाच्या वाटेने केलेले नामकरण आहे. शफीक यांचे २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तंबाखूविरुद्ध लढणारा तो हडकुळा सुपरमॅन पुन्हा पाहताना पहिल्यासारखे हसता येत नाही. हास्य आणि करुण यांचा शास्त्रोक्त विरोध येथे कलावंताने मोडलेला नाही, जीवनाने मोडला आहे.

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. पात्र स्वतः हसते तेव्हा ते आत्मस्थ. दुसऱ्याला हसविते तेव्हा परस्थ. मालेगावची मंडळी एकाच वेळी दोन्ही करतात. आपली नाडी लोंबते आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि ती लोंबावी ही त्यांचीच योजना आहे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने स्वतःच्या फजितीची हकीकत स्वतःच सांगून मराठी वाचकाला जवळ केले, त्याच जातीचे हे हास्य आहे. महानगरी समीक्षेने त्यातील परस्थ अंश टिपला, आत्मस्थ अंश निसटू दिला. भोळेपणा या एका शब्दाने तिने कारागिरांचे कर्तृत्व झाकून टाकले.

या माहितीपटाविरुद्ध एक गंभीर आक्षेप संभवतो : स्फोटांविषयी तो जवळजवळ मौन बाळगतो. हे मौन सुखकर प्रेक्षणासाठी पत्करलेली तडजोड आहे काय? पुढील घटनाक्रम पाहता उत्तर वेगळे मिळते. २००६ च्या प्रकरणात प्रथम पकडलेल्या मुस्लिम आरोपींना विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. २००८ च्या प्रकरणातील सातही आरोपींची ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्तता झाली. न्यायालयांना ज्या प्रश्नांची उकल करण्यास दशके लागली, त्यांवर २००८ सालच्या एका छोट्या माहितीपटाने भाष्य केले असते तर ते उसन्या आवाजातील भाष्य ठरले असते. दहशतीला पडद्यावर मध्यवर्ती जागा नाकारणे हाही एक पक्ष घेणेच आहे. उणीव दाखवायचीच तर ती अन्यत्र आहे. या गावाच्या हसण्यात स्त्रियांचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. सिनेमागृह पुरुषांचे, चित्रीकरण पुरुषांचे आणि स्वप्नही पुरुषांचेच. माहितीपट हे दाखवितो, पण त्यापाशी फारसा थांबत नाही; आणि परीक्षणेही तेथे थांबली नाहीत.

२०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉयज ऑफ मालेगाव' हा कथापट प्रदर्शित झाला. एका अर्थी तोही त्या माहितीपटाचे एक वाचनच आहे. त्याने मैत्री, लेखकाचा मानभंग आणि शफीकचे आजारपण यांना केंद्रस्थान दिले. मालेगावच्या माणसांना स्फोटांच्या संदर्भावाचून माणसे म्हणून उभे केले. जे परीक्षणांना साधले नव्हते ते या रूपांतराने काही अंशी साधले, असे म्हणता येईल.

मालेगावच्या पडद्यावरील भाषा उर्दूमिश्रित हिंदी आहे. म्हणून हा विषय मराठी समीक्षेला परका वाटण्याचा संभव आहे. परंतु महाराष्ट्रातील एका गावाने भयाच्या छायेत आपला विनोद कसा राखला, हा प्रश्न मराठी वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरचा नाही. भयग्रस्त माणसाला रडण्याचा अधिकार समीक्षा नेहमीच देत आली आहे. त्याचे हसणे तितक्याच गांभीर्याने वाचण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.