‘झिंक नाही’ म्हणजे नेमकं कुठे नाही?

घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये जुन्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडं होतं. ‘आताच्या ऑइलमध्ये झिंकच नसतं, कॅमशाफ्ट खाऊन टाकेल,’ मेकॅनिककाका म्हणाले. हे नेटवरही सगळीकडे वाचायला मिळतं. निम्मं बरोबर आहे.

झिंक म्हणजे झेडडीडीपी. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅम सपाट टॅपेटवर घासतो. तिथल्या उष्णतेने आणि दाबाने झेडडीडीपीचं विघटन होतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर बसतो. मग झिजतो मुख्यतः तो थर. पण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून २००४ मध्ये एपीआयच्या एसएम वर्गाने त्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली.

बहुतेक लेख इथेच थांबतात, आणि माझा आक्षेप इथेच आहे. ही कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५० ला ती लागूच नाही! आणि काकांच्या हातात डबा होता २०डब्ल्यू-५० चाच. मर्यादेचा आकडा सगळे देतात, ती कोणाला लागू आहे ते कोणी वाचत नाही. (लिटरेचर रिव्ह्यू करताना मीही हे केलंय.)

वरून ओतायच्या बाटल्यांचा पुरावा तर आणखी कच्चा. फोर-बॉल टेस्टमध्ये पोलादी गोळ्या गोळ्यांवर फिरतात. कॅम आणि टॅपेटचा संपर्क तसा नसतो. काकांना म्हटलं, बाटली राहू दे, आधी या ऑइलच्या डेटाशीटमध्ये फॉस्फरस किती ते बघू.