‘निबंधमाला’: एकहाती लेखनाने काय मिळतं, काय निसटतं

संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच, “नियमित लिहीत जा.” सल्ला चांगला आहे. पण स्वतःच्या ताब्यातल्या जागेत, कुणाची परवानगी न घेता वर्षानुवर्षं लिहिलं तर आपण काय कमावतो आणि काय गमावतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते तपासायला मराठीत एक फार चांगलं उदाहरण आहे: विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’.

जानेवारी १८७४ मध्ये हे मासिक सुरू झालं तेव्हा विष्णुशास्त्री २३ वर्षांचे होते. मासिकाचे एकूण ८४ अंक निघाले आणि त्यांतला जवळजवळ सगळा मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. सुरुवातीची काही वर्षं तर सरकारी शाळेतली शिक्षकाची नोकरी सांभाळून. १८७९ मध्ये त्यांनी ती सोडली, पुढच्या वर्षी सहकाऱ्यांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. मार्च १८८२ मध्ये, वयाची ३२ वर्षं पूर्ण होण्याआधीच, ते गेले.

आधी जमेची बाजू पाहू. मराठी भाषेची अवस्था, भाषांतर, इतिहास, लेखनशुद्धी, मोरोपंत, डॉ. जॉन्सन असा विषयांचा पसारा आहे. मोठा विषय असेल तर तो अनेक अंकांतून पुढे जातो. म्हणजे सगळं डोक्यात पक्कं होईपर्यंत थांबायची सोयच नाही. या महिन्यात जेवढा मुद्दा मांडता येईल तेवढा मांडायचा आणि पुढच्या महिन्यात तिथूनच धागा उचलायचा. या शिस्तीतून एक लांब पल्ल्याचं, वाद घालू शकणारं मराठी गद्य घडलं. प्रबंधाचं पहिलं प्रकरण “अजून वाचन व्हायचंय” म्हणून दोन दोन वर्षं लांबवणाऱ्यांनी हे अंक जरूर चाळावेत.

आता दुसरी बाजू. याच मालेत विष्णुशास्त्रींनी जोतीराव फुल्यांवर टीका केली. फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची, सत्यशोधक समाजही त्याच वर्षीचा, आणि दोघंही पुण्यातच. समोरासमोर गंभीर वाद व्हायला यापेक्षा चांगली परिस्थिती कुठली? पण टीकेचा बराचसा जोर फुल्यांच्या भाषेवर, व्याकरणावर आणि विद्वत्तेवर आहे. शैली झणझणीत आहे, वाचताना मजाही येते. मात्र ज्ञान कुणाच्या हातात राहिलं, शेतकऱ्याच्या कष्टातून भरणाऱ्या तिजोरीतून शिक्षण कुणाला मिळालं, हे फुल्यांचे प्रश्न. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही फुल्यांनी हाच मुद्दा मांडला. व्याकरणाच्या चुका दाखवून या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. भाषेबद्दल इतका बारकाईने विचार करणारा लेखक इथे समोरच्याचा युक्तिवाद त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात उभाच करत नाही. टीका म्हणून हा मालेतला सगळ्यात कच्चा भाग आहे असं मला वाटतं.

असं का झालं? जातीचा आणि विद्वत्तेचा अभिमान हे एक कारण आहेच. पण जागेची रचनाही त्याला साथ देते. लेखक तोच, संपादक तोच. “हा परिच्छेद चुरचुरीत आहे, पण मुद्दा कुठाय?” असं विचारणारं वाटेत कुणी नाही. तुलनेसाठी लोकहितवादींची ‘शतपत्रे’ घ्या. तीही एकाच माणसाने लिहिलेली छोट्या लेखांची मालिका, पण ती १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये छापून येत होती. छापायचं की नाही, हा निर्णय तिथे निदान दुसऱ्याच्या हातात होता.

मग संपादक असला की सगळं ठीक होतं का? तसंही नाही. मालेतला ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध घ्या. इंग्रज सरकारने पुढे त्यावर बंदी घातली. एखाद्या सावध संपादकाने तो कदाचित आधीच अडवला असता. अडवणारं कुणी नव्हतं म्हणून तो निबंध लिहिला गेला, आणि अडवणारं कुणी नव्हतं म्हणूनच फुल्यांची खिल्लीही तशीच छापली गेली. एकहाती लेखनाचं बळ आणि त्याची जोखीम, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. त्यातलं एक घेऊन दुसरं टाकून द्यायची सोय नाही.

म्हणून तुम्ही स्वतःचं नियमित लेखन सुरू करणार असाल तर जरूर करा, तारीख ठरवून करा. फक्त जो अडसर बाहेरून येणार नाही, तो स्वतःच ठेवा. कुणावर टीका करायची असेल तर आधी त्याचं म्हणणं असं लिहून काढा की तो स्वतः वाचून म्हणेल, “हो, मला हेच म्हणायचं होतं.” मसुदा तुमच्याशी सहमत नसलेल्या एका तरी माणसाला दाखवा, नेहमी वाहवा करणाऱ्या मित्राला दाखवून भागत नाही. आणि जे वाक्य लिहिताना सगळ्यात जास्त मजा आली, ते पुन्हा एकदा तपासा. बहुतेक वेळा पुरावा तिथेच कमी पडलेला असतो.

‘निबंधमाला’ वाचाच. पण वाचताना शेजारी ‘गुलामगिरी’ही उघडून ठेवा. विष्णुशास्त्रींच्या जागेत फुल्यांना उत्तर द्यायला जागा नव्हती. आपल्या टेबलावर ती करून देता येते.