नाव ठेवणे आणि नावं ठेवणे

मराठीत नाव ठेवणे आणि नावं ठेवणे यांत फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे. पहिलं बारशाला करतात, दुसरं बारशाहून परतताना. दोन बायकांच्या प्रेमाच्या गोष्टी वाचताना मला हा अनुस्वार फार आठवतो.

या गोष्टींतला समाज अगदी आपल्यासारखा असतो. एक तरुण आणि एक तरुणी बसस्टॉपवर चार मिनिटं बोलली, तर बातमी त्यांच्याआधी घरी पोचते. दोन मैत्रिणी मात्र खुशाल एका ताटात जेवोत, एका पांघरुणात झोपोत. 'किती गं बाई जीव एकमेकींवर!' एवढंच. जोवर त्या जिवाला नाव नाही, तोवर नावं ठेवायची कशाला?

पांघरुणावरून इस्मत चुगताई आठवल्या. त्यांची 'लिहाफ' १९४२ सालची. लिहाफ म्हणजे दुलई. नवाबाने अडगळीत टाकलेली बेगमजान, तिचं अंग रगडून देणारी रब्बो, आणि रात्री भिंतीवर हलणारी दुलईची हत्तीसारखी सावली. सगळं एका लहान मुलीच्या नजरेतून, त्यामुळे दुलईखाली काय चाललंय त्याला गोष्टीत नावच नाही. अश्लीलतेचा खटला भरला लाहोरला. इस्मतबाई मुंबईहून तारखांना गेल्या. वकिलांनी विचारलं, अश्लील शब्द कुठला तो दाखवा. त्यांच्या आठवणींत आहे, एका साक्षीदाराने बोट ठेवलं ते 'आशिक' या शब्दावर! आता 'आशिक' अश्लील म्हटला तर उर्दू शायरीत पानांचे नंबर तेवढे शिल्लक राहतील. बाई सुटल्या.

तेंडुलकरांची मित्रा मात्र सुटत नाही. 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं १९८१ मध्ये. मित्राचं काम रोहिणी हट्टंगडींचं. काळ स्वातंत्र्याच्या आधीचा. सुमित्रा देव कॉलेजच्या नाटकात पुरुष होते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. रंगमंचावरच्या प्रेमाला कोणाचीच हरकत नव्हती. पण पडदा पडला तरी हिचं प्रेम आपलं चालूच! वर ते ती बापूला स्पष्ट सांगते. म्हणजे नाव ठेवते. गुन्हा तो.

नाटकात दळवी नावाचा दांडगट आहे, पण दांडगट काय, सगळ्याच नाटकांत असतो. खरा समाज म्हणजे बापू. भला, भित्रा, मैत्रीला जागणारा. दोघींना भेटायला स्वतःची खोली देतो, आणि मग लोक काय म्हणतील या काळजीने स्वतःच अर्धा होतो. दळवीवर दातओठ खाणारे आपण प्रेक्षक खरे तर बापूच्याच शेजारच्या खुर्चीत बसलेले असतो. नावच बघा ना! 'मित्राची गोष्ट' म्हणजे मित्रा या मुलीची, की बापू या मित्राची? व्याकरणाला दोन्ही चालतं. तिची गोष्ट सांगायलासुद्धा एक भला मुलगाच लागतो, हे तेंडुलकरांनी अचूक हेरलंय.

माझं त्यांच्याशी भांडण पुढे आहे. मित्रा दारूत बुडते आणि शेवटी जीव देते. समाज क्रूर आहे हे दाखवायचं होतं, मान्य. पण अशा शेवटानंतर चप्पल शोधता शोधता प्रेक्षक 'आपण काय केलं?' असं म्हणत नाही हो. 'मला वाटलंच होतं' असं म्हणतो. नायिका मेली की त्याला पुढचा विचार करावा लागत नाही. समाजाचं उरलेलं काम नाटककारानेच उरकून टाकलं!

हे टाळणारी एक बाई अमेरिकेत होती, पॅट्रिशिया हायस्मिथ. १९५२ मध्ये तिने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही कादंबरी लिहिली. दुकानात बाहुल्या विकणारी थेरेस आणि गिऱ्हाईक म्हणून आलेली कॅरल. समाज इथेही आहेच. कॅरलचा नवरा मागावर डिटेक्टिव्ह लावतो, आणि घटस्फोटात तिला पोटच्या मुलीवर जवळजवळ पाणी सोडावं लागतं. हा घाव मित्राच्या मरणाहून मला जास्त लागला, कारण तो सोसून कॅरलला दुसऱ्या दिवशी उठायचं आहे. ती उठते. शेवटी दोघी एकमेकींकडे येतात, आणि कोणीही विहीर जवळ करत नाही. वाचकांना हे इतकं नवं होतं की पत्रांचे ढीग आले.

ढीग आले ते क्लेअर मॉर्गन नावाच्या बाईला. पुस्तकावर हायस्मिथने हे टोपणनाव घातलं होतं. स्वतःचं घातलं ते १९९० मध्ये. नायिकांना दुलईतून बाहेर काढलं आणि ती दुलई स्वतः ३८ वर्षं पांघरून बसली.