आंतरराष्ट्रीय कायद्याचे शिक्षण : कोणासाठी?

विकसनशील देशांत आंतरराष्ट्रीय कायद्याचे शिक्षण वाढावे, त्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने व संपन्न राष्ट्रांनी साहाय्य करावे, या भूमिकेला सहसा कोणी विरोध करीत नाही. तसे कारणही नाही. परंतु हे शिक्षण कोणाला मिळते आणि ते घेतलेला माणूस पुढे कोणाच्या बाजूने उभा राहतो, हा प्रश्न टाळला जातो. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे.

दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. २० डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आंतरराष्ट्रीय कायद्याचे अध्यापन, अध्ययन व प्रसार यांसाठी साहाय्य कार्यक्रमाचा ठराव केला. दुसऱ्याच दिवशी त्याच आमसभेने सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा करार संमत केला. पहिल्या ठरावाने शिकण्याची सोय केली. दुसऱ्याने आम्ही शिकावे असे काही निर्माण केले. या दोहोंची गाठ आमच्या वस्तीत मात्र कधी पडली नाही. हेगच्या शिष्यवृत्त्या व प्रादेशिक वर्ग यांचा लाभ प्रामुख्याने सरकारी अधिकारी, वकील व प्राध्यापक यांना होतो. इंग्रजी वा फ्रेंच उत्तम येणे ही तेथली पहिली पायरी. आमचा विद्यार्थी त्या पायरीखालीच उभा असतो.

त्याने तेथे नसण्याने काय बिघडते, हे एका शब्दावरून कळेल. या कराराच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण आदींच्या जोडीला 'डिसेंट' हा शब्द आहे. तो भारताच्याच प्रतिनिधीमंडळाने सुचविला. भारताने १९६८ साली करार स्वीकारला. पुढे १९९६ साली देखरेख समितीपुढे भारताचा अहवाल आला, तेव्हा जात या करारात बसत नाही अशी सरकारची भूमिका होती. समितीने ती मानली नाही. २००१ साली डर्बनच्या परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी हा प्रश्न जगापुढे नेला. तेथेही सरकारचा विरोधच होता. २००२ साली समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जातीवर आधारलेला भेदभाव 'डिसेंट'मध्ये येतो असे स्पष्ट केले. तरी २००७ साली सरकारने आपला हेका सोडला नाही.

पंडित या शब्दाला वंशपरंपरा म्हणतील. आमच्या आयांना विचारा. त्या एवढेच म्हणतील, 'जन्मानं'. शब्द तोच, पण अर्थ लावणारा बदलला की न्याय बदलतो. प्रस्थापित समीक्षेशी दलित साहित्याने जो झगडा केला, तोच झगडा येथे कायद्याच्या भाषेत चालू आहे.

बाबासाहेबांना हे फार आधी उमगले होते. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे कळताच, जुलै १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांच्या वतीने तसेच काही करण्याचा त्यांचा विचार होता. अनुसूचित जातींच्या स्थितीवरचा अहवाल त्यांनी तयारही केला. पण घटना समितीला व भावी संसदेला संधी द्यावी म्हणून तो पाठविला नाही, असे १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी सांगितले. तो न पाठविलेला अहवाल हा आमच्यावरचा वारसा आहे. अन् तो चालविणारे विद्यार्थी आम्ही घडविलेले नाहीत.

यात मीही आलो. मी घरातला पहिला पदवीधर. सावेडीत राहतो, महाविद्यालयात शिकवतो. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) ही आमच्याच जिल्ह्यातील नावे. खर्डा प्रकरणात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. त्या सुमारास वर्गात एका मुलाने विचारले, "सर, सुप्रीम कोर्टाच्या पुढं कुठं जाता येतं का?" मी 'नाही' म्हणून तास पुढे नेला. ते उत्तर अर्धेच होते. कराराच्या १४ व्या कलमाखालील घोषणा भारताने केलेली नसल्याने व्यक्तीला त्या समितीकडे तक्रार नेता येत नाही, हे खरे. पण सरकारी अहवाल तपासला जातो, तेव्हा संघटनांना आपला समांतर अहवाल देता येतो. हे मला माहीत नव्हते. मला कोणी शिकविले नव्हते, म्हणून मीही शिकविले नाही.

समितीच्या शिफारशीने कोणाला फाशी होत नाही की कोणाची जमीन परत मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या शब्दाला काही वजनच नाही, त्यासाठी सरकारने इतकी वर्षे का भांडावे? आणि २०२२ साली परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यासाचे विषय का वगळावे? अनुसूचित जातींतील मुलाने परदेशात जरूर शिकावे, पण सरकारच्या पैशाने आपल्या जातीच्या प्रश्नावर शिकू नये, असाच याचा अर्थ होतो.

तेव्हा साहाय्य हवेच. पण ते दिल्लीच्या कचेऱ्यांत न थांबता तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत यावे, मराठीत यावे. ते येईपर्यंत आपण हात बांधून बसू नये. तो करार आणि २९ वी शिफारस यांचे सोप्या मराठीत भाषांतर करावे, ते विहारात व वसतिगृहात वाचावे. प्रत्येक तालुक्यातील दोन मुलांनी अत्याचाराच्या प्रकरणांची वही ठेवावी : गाव, तारीख, फिर्याद केव्हा नोंदली, निकाल काय लागला. समांतर अहवाल अशाच नोंदींतून उभा राहतो. माझ्या वर्गातील त्या मुलाला द्यावयाचे राहिलेले अर्धे उत्तर हेच आहे.