बापच कप्तान असतो तेव्हा

शिडाच्या होडीवर संसार करणाऱ्या कुटुंबांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. निळंशार पाणी, डेकवर वाळत घातलेले कपडे, सुकाणूशी बाप आणि त्याच्या मांडीवर वर्षाचं पोर. 'सेलिंग ला व्हॅगाबॉंड' हे ऑस्ट्रेलियन जोडप्याचं चॅनल त्यातलं फार गाजलेलं. २०१९च्या नोव्हेंबरात ग्रेटा थुनबर्ग अमेरिकेहून युरोपला परतली ती यांच्याच होडीतून, आणि तेव्हा त्यांचं तान्हं बाळही सोबत होतं. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दरवर्षी अप्रेझल झालं की असल्या लिंका फिरतात. नोकरी सोडायची, फ्लॅट विकायचा, पोरांना घेऊन निघायचं. लिंक पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी एक पुस्तक सुचवतो, सुझॅन हेवूड यांचं 'वेव्हवॉकर'. व्हिडिओत कॅमेरा आईबापांच्या हातात असतो. या पुस्तकात पेन मुलीच्या हातात आहे.

पुस्तक २०२३ साली आलं, पण गोष्ट सुरू होते १९७६मध्ये, इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात. सुझॅन तेव्हा सात वर्षांची होती. तिचे वडील गॉर्डन कूक यांनी ठरवलं की कॅप्टन जेम्स कूकच्या तिसऱ्या सफरीला दोनशे वर्षं होताहेत, तर आपण त्याच मार्गाने जायचं. कूकशी दुवा म्हणाल तर आडनाव तेवढं सारखं. आईवडील, सुझॅन आणि तिचा धाकटा भाऊ 'वेव्हवॉकर' नावाच्या शिडाच्या जहाजावर चढले. सफर तीन वर्षांची म्हणून सांगितली होती. ती जवळपास दहा वर्षं चालली.

सुरुवातीच्या काळातच, दक्षिण हिंदी महासागरात एक प्रचंड लाट जहाजावर आदळते. सुझॅनची कवटी फुटते, नाक मोडतं. जहाज कसंबसं ॲमस्टरडॅम नावाच्या इवल्याशा फ्रेंच बेटाला लागतं आणि तिथे भूल न देता तिच्या डोक्यावर एकाहून जास्त वेळा शस्त्रक्रिया होतात. दुसऱ्या कुठल्या लेखकाने हा प्रसंग शेवटाला नेऊन ठेवला असता. हेवूड तो लवकर सांगून पुढे जातात आणि तिथेच त्यांच्या लेखनाची ताकद कळते. लाट काही मिनिटांची असते. त्यानंतरची वर्षं कोण मोजणार, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे.

त्या वर्षांत काय घडतं? फारसं काही नाही, आणि तेच भयंकर आहे. पैसे संपतात, म्हणून पैसे देणारे प्रवासी जहाजावर घेतले जातात. त्यांचा स्वयंपाक आणि साफसफाई मुलीच्या वाट्याला येते. भाऊ मात्र वर डेकवर शिडांच्या कामाला. जगभर फिरणाऱ्या या मुक्त जहाजात चूल आणि मूल यांची वाटणी कुठल्याही गावातल्या घरासारखीच राहते. शाळा नाही. मैत्रीण झाली की बंदर सुटतं. ऑस्ट्रेलियातल्या एका पत्रशाळेत तिचं नाव लागतं, तेव्हा पुढच्या बंदरावर धड्यांचं पाकीट मिळणं हाच तिच्या आयुष्यातला मोठा सण होतो.

हे वाचताना मला जाणवलं ते असं. होडीवर बाप हा बापही असतो आणि कप्तानही. कप्तानाचा शब्द शेवटचा असावाच लागतो. वादळात शीड उतरवायचं का, यावर मतदान घेता येत नाही. पण बंदरात नांगर टाकल्यावरही तो अधिकार खाली ठेवला जात नाही, तेव्हा घोटाळा होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच माणसाकडे सगळे ॲडमिन राइट्स, आणि तक्रारीची खिडकीच नाही. जमिनीवर बाप कितीही तापट असो, पोराला आजीचं घर असतं, शेजारच्या काकू असतात, शाळेतल्या बाई असतात. होडीच्या चारही बाजूंना पाणी. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना, ही म्हण इथे अक्षरशः खरी होते.

याच्याशेजारी डुगल रॉबर्टसन यांचं १९७३चं 'सर्व्हाइव्ह द सॅव्हेज सी' ठेवून पाहा. इंग्लंडमधली शेती विकून हे कुटुंब 'ल्युसेट' घेऊन निघालं. १५ जून १९७२ रोजी गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेल माशांनी धडक देऊन जहाज बुडवलं. रॉबर्टसन पतिपत्नी, तीन मुलगे आणि एक तरुण सोबती, असे सहा जण ३८ दिवस पाण्यावर राहिले. आधी रबरी तराफ्यावर, तो निकामी झाल्यावर छोट्या डिंगीत. पावसाचं पाणी आणि कासवांचं मांस-रक्त यांवर जगले आणि अखेर जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचललं. इथे कप्तानाची हुकमत सहाही जीव वाचवते. पुस्तक बापाने लिहिलंय, त्यामुळे पोरांना नेण्याचा मूळ निर्णय वाचकाच्या मनात फार वेळ टिकत नाही. जगण्याची झुंज त्याला झाकून टाकते. दोन्ही पुस्तकं मला आवडली, पण साहसाची किंमत कोणी मोजली हे फक्त एकातच दिसतं.

'वेव्हवॉकर'मध्ये उणिवा आहेत. मधली शेकडो मैलं एकसारखी वाटतात: बंदर, पैशांची चणचण, नवं आश्वासन, पुन्हा समुद्र. आईविषयीचा राग इतका ताजा आहे की ती बाई स्वतः कशात अडकली होती, याचा अंदाज वाचकालाच बांधावा लागतो. ही मुलीची बाजू आहे, हे भान वाचताना ठेवायला हवं. तरी एकसुरीपणाबद्दल मी फार कुरकुर करणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला तो समुद्र तसाच दिसला असणार.

सोळाव्या वर्षी सुझॅनला न्यूझीलंडमधल्या तळ्याकाठच्या झोपडीवजा घरात धाकट्या भावासोबत सोडून आईवडील निघून गेले. तिथून तिने विद्यापीठांना पत्रं लिहिली आणि ऑक्सफर्डने तिला घेतलं. या यशाकडे बोट दाखवून 'बघा, समुद्राने घडवलं' असं म्हणणारे भेटतील. पुस्तक नीट वाचलं तर उलट दिसतं: ती घडली ती पाकिटातून येणाऱ्या धड्यांमुळे, जे तिने भांडून मिळवले होते. मुलांना घेऊन निघायला माझी हरकत नाही. पण निघण्याआधी, 'मला परत जायचंय' असं पोर म्हणालं तर काय करायचं, याचं उत्तर नकाशाइतकंच तयार असायला हवं. कूक कुटुंबाकडे नकाशा होता.